डावी कुठली?

"यातली डावी कुठली?"

मुजावर सरांनी हे विचारलं तेव्हा प्रद्योतला आधी हसूच आलं.

एवढा पुण्याहून मिरजेला आलो, मेंदूचा अख्खा नकाशा घेऊन आलो, आणि हे पहिल्या वर्षाच्या पोराला विचारावं तसं काय विचारतायत!

"सर, लेबलवर लाल ठिपका आहे ना? ती डावी."

"लेबल वाचता येतं मला," सर म्हणाले. "मी तुला विचारतोय."

आणि त्यांनी मायक्रोस्कोपखालच्या, मेंदूचा काप असलेल्या स्लाइडच्या लेबलवर अंगठा ठेवला.

प्रद्योत माहुलकर हा काही ऐरागैरा नव्हता. तुम्ही विचारलं असतंत तर त्याने स्वतःच तसं सांगितलं असतं, न विचारताही सांगितलं असतं. मेंदूतल्या एका जातीच्या पेशींचा नकाशा त्याने केला होता, आणि तो बघून परदेशातल्या भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली होती.

आता उंदराचा मेंदू तो केवढा? भुईमुगाच्या दाण्याहून थोडासा मोठा. पण त्यात कोट्यवधी पेशी. त्यांतल्या अगदी मोजक्या पेशी अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन तयार करतात. उंदीर असो, मांजर असो की माणूस असो, लक्ष लागणं, नवं शिकणं, शिकलेलं ध्यानात राहणं, यातलं बरंचसं या पेशींच्या जिवावर चालतं. म्हातारपणी काही माणसं पोटच्या पोरांची नावं विसरतात. त्यांच्या मेंदूत याच पेशी लवकर सुकायला लागलेल्या असतात.

या पेशी नेमक्या कुठे आणि किती, हे प्रद्योतने दाखवलं होतं. उंदराच्या मेंदूचे अतिशय पातळ काप करायचे. त्यांना असा रंग द्यायचा की फक्त याच पेशी तपकिरी दिसाव्यात. मग एकेका कापाचा फोटो काढून, कॉम्प्युटरवर सगळे फोटो एकामागे एक रचून अख्खा मेंदू उभा करायचा. असे नकाशे जगात इतरांनीही केले होते. पण प्रद्योतच्या नकाशात जे होतं ते कुणाच्याच नकाशात नव्हतं.

या पेशी डावीकडे जास्त होत्या. उजवीकडे कमी. आणि हे एका उंदरात नाही, प्रत्येक उंदरात.

मोठ्या नियतकालिकाने लेख स्वीकारला होता. छपाईआधीची शेवटची प्रत आली होती. आज संध्याकाळपर्यंत प्रद्योतने होकार कळवायचा, की लेख जगापुढे. मग पुण्याच्या संस्थेत त्याला स्वतःची प्रयोगशाळा. दारावरच्या पाटीवर नाव कसं लिहायचं, इथपर्यंत गोष्टी आल्या होत्या.

तो होकार सरांच्या घरी बसून पाठवायचा, असं त्याने ठरवलं होतं. यात थोडी भक्ती होती, नाही असं नाही. पण सरांनी बघावं, ही हौस भक्तीपेक्षा बरीच मोठी होती.

कारण सरांच्या हाताखाली त्याने वर्षानुवर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून एकदाही "छान" असा शब्द निघाला नव्हता.

रशीद मुजावर. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दर्ग्याची सेवा. हा एकटाच मुलगा शिकायला बाहेर पडला आणि जन्मभर मेंदूचे काप करत बसला. आता निवृत्त होऊनही माडीवरच्या खोलीत, खिडकीशी, त्यांचा जुना मायक्रोस्कोप मांडलेला असायचा. बोलणं कमी. ते ओरडले तर विद्यार्थ्यांना बरं वाटायचं, कारण गप्प बसले की जास्त भीती वाटायची.

"सांग की," सर म्हणाले. "अंगठा दुखायला लागला माझा."

प्रद्योतने मायक्रोस्कोपला डोळा लावला. एक क्षण पुरला त्याला.

"ही. खिडकीकडची. ही डावी."

सरांनी अंगठा उचलला. लाल ठिपका खिडकीच्याच बाजूला होता.

सरांनी प्रद्योतने बरोबर आणलेल्या डब्यातून दुसरी स्लाइड काढली, त्याच्याकडे पाठ करून लेबलावर कागद चिकटवला आणि स्लाइड ठेवली.

"आता?"

"आता तुम्ही फिरवून ठेवलीय, सर. डावी तुमच्या बाजूला."

कागद निघाला. बरोबर.

तिसरी. बरोबर.

मग सर मनाला येईल ती स्लाइड काढत गेले. कधी पहिल्या उंदराची, कधी शेवटच्या. कधी सरळ ठेवत, कधी फिरवून. प्रद्योत डोळा लावायचा आणि सांगून मोकळा व्हायचा. एकदाही चुकला नाही.

शेजारी सतारी बनवणाऱ्यांचं दुकान होतं. तिथे कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून बघत होतं. काही केल्या ती जुळत नव्हती.

"एकही चुकला नाहीस," सर म्हणाले.

"नाहीच चुकणार."

"कधीच?"

"झोपेतून उठवून विचारा, सर."

सरांचा चेहरा उतरला.

प्रद्योतला कळेना. बरोबर उत्तरं ऐकून कुणाचं तोंड असं होतं का? उलट जसजशी उत्तरं बरोबर येत गेली तसतसे सर अधिकच खाली बघायला लागले होते.

"मला नाही जमलं कधी," सर हळूच म्हणाले.

"काय?"

"नुसता काप बघून डावी-उजवी ओळखायला. उभ्या जन्मात नाही जमलं... तुला जमतंय."

झालं! प्रद्योतच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत न मिळालेली शाबासकी अखेर मिळाली, असं त्याला वाटलं.

"नजर तयार होते, सर. इतके काप बघितले की आपोआप होते."

"होय की," सर म्हणाले. "तयार होते."

आणि ते पुन्हा गप्प झाले.

आता मात्र प्रद्योतला ती शाबासकी नसल्याचा वास आला. मघाचं मांस जसं चढलं होतं तसंच उतरलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. संस्थेच्या संचालक, डॉ. पागे.

"होकार गेला का रे?"

"आत्ता पाठवतोच, मॅडम."

"आत्ता म्हणजे आत्ता. नियतकालिकाचं आठवणीचं पत्र आलंय मला परत. मी तुझ्या प्रयोगशाळेच्या कागदावर सही करायला थांबलेय."

"हो मॅडम."

फोन ठेवून त्याने लॅपटॉप उघडला. पत्र लिहून तयार होतं. एक बटण दाबायचं, बस.

"सर, मला पाठवायला हवं."

"पाठव की. मी कुठं धरलंय तुला?"

खरंच, धरलं कुठे होतं? सर खुर्चीत मागे टेकून बसले होते. हात मांडीवर. तरीही प्रद्योतचं बोट बटणापाशी जाऊन थांबलं. पुन्हा गेलं, पुन्हा थांबलं. या माणसाच्या गप्प बसण्यात असं काय आहे की आपला हात चालू नये? त्याला स्वतःचाच राग आला, आणि मग, माणसाचं होतं तसं, तो राग समोरच्यावर निघाला.

"सर, तुम्हाला नेमकं खुपतंय काय? मी सांगू? मी इथून गेलो ते खुपतंय. तुमच्या हाताखाली राहिलो असतो तर अजून काप धूत बसलो असतो. बाहेर पडलो म्हणून काहीतरी करून दाखवलं. ते तुम्हाला बघवत नाही."

बोलून गेला खरा. या घरात तो जेवला होता. तापाने फणफणला होता तेव्हा याच माणसाने रात्री उशाशी बसून काढल्या होत्या.

शेजारची तार थांबली.

सर रागावले नाहीत. "चहा घेतोस काय?" त्यांनी विचारलं.

"नको."

"बरं."

"आणि तुम्हाला मोजणीची शंका असेल तर मोजणी मी केलेलीच नाही," प्रद्योत हट्टाला पेटला होता. "कॉम्प्युटरनं केलीय. एकेक पेशी त्यानं मोजलीय. माणसाचा हातच नाही त्यात. मग शंका घ्यायची कुणावर?"

"कॉम्प्युटरला डावी कुणी दाखवली?"

"मी."

"हां," सर म्हणाले.

ते उठले. कपाटातून त्यांनी फोटोच्या जुन्या पाकिटातला काळा कागद काढला आणि त्याची एक पट्टी फाडली. डब्यातली एक स्लाइड घेतली. लेबल झाकलं. मग ती काळी पट्टी त्यांनी स्लाइडच्या खालून अशी लावली की मेंदूचा बरोब्बर अर्धा भाग तिच्याआड गेला. अर्धाच उरला.

"हे शेवटचं," ते म्हणाले. "एवढं सांग आणि पाठवून टाक."

"नक्की?"

"नक्की. मग मी एक शब्द बोलणार नाही."

प्रद्योतने डोळा लावला.

निम्म्या गोलात काळोख. निम्म्यात पिवळसर उजेड, आणि त्या उजेडात त्याच्या तपकिरी पेशी, लांब लांब शेपट्या काढून बसलेल्या. या पेशी तो कुठेही ओळखला असता.

"डावी की उजवी?"

"थांबा."

त्याने स्लाइड थोडी सरकवली. भिंग बदललं. मोठं लावलं, पुन्हा लहान लावलं. डोळा चोळून पुन्हा बघितलं. पेशी होत्या तिथेच होत्या. जास्त होत्या की कमी? कशापेक्षा?

"काय झालं?"

"सर, कागद काढा."

"का?"

"अर्धंच दिसतंय."

"अर्धंच विचारलंय मी. हा डावा अर्धा की उजवा?"

"पण दुसरी बाजू दिसल्याशिवाय कसं सांगणार, सर? जास्त कुठं आहेत ते बघूनच तर..."

तो थांबला.

...

प्रद्योतचा डोळा अजून भिंगालाच होता, पण आता त्याला काही दिसत नव्हतं. आपणच आत्ता काय बोललो ते त्याला पुन्हा ऐकू येत होतं, आणि ते कुणीतरी दुसऱ्याने म्हटलेलं असावं असं त्याला फार फार वाटत होतं.

जिथे जास्त, ती डावी.

आणि त्याच्या लेखाचं पहिलंच वाक्य होतं: डावीकडे जास्त.

"सुई?" सरांनी विचारलं. एवढंच.

हा सुईचा प्रकार सरांच्या प्रयोगशाळेतला. मेंदू कापायला घेण्याआधी त्याच्या उजव्या अंगातून, कडेने, बारीक सुई पुढून मागे आरपार घालायची. म्हणजे नंतर कितीही काप करा, प्रत्येकात उजवीकडे एक सूक्ष्म भोक राहतं. काप उलटो, पालटो, भोक आहे ती उजवी. डोकं चालवायची गरजच नाही. सरांकडे आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी ही सुई टोचायला शिकायचं, मग बाकीचं. प्रद्योत तर त्यात सगळ्यांत तरबेज होता.

"नाही टोचली," प्रद्योत म्हणाला.

"का?"

"भोक दिसतं... फोटोत."

"होय, दिसतं."

"घाण दिसतं, सर. एवढे सुंदर फोटो, आणि प्रत्येकात एक भोक." त्याचा आवाज आता भिंतीशी बोलल्यासारखा येत होता. "मला वाटलं, मी जपून करीन. क्रमाने उचलीन. सुई कशाला लागते?"

"मग?"

"पहिल्या उंदराला जपूनच केलं. खरंच, सर. त्यात डावीकडे जास्त दिसल्या. थोड्याच, पण जास्त. मी हरखलो. मग पुढच्या उंदरांत..."

"बोल."

"काप पाण्यात सुटे तरंगतात. ब्रशने उचलताना उलटतात. तुम्हाला माहितीय. कधी कधी एखाद्या कापात उजवीकडे जास्त दिसायच्या. मला वाटायचं, हा उचलताना उलटा पडला. मग मी तो..."

"तो काय?"

"सरळ करायचो."

सरांनी डोळे मिटले.

"किती केलेस असे?"

प्रद्योतने आठवून बघितलं. मनापासून बघितलं. पण कुठला काप खरंच उलटला होता आणि कुठला त्याने उलटवला होता, हे त्याला आता सांगता येईना. लबाडी केली असती तर कुठे केली ते तरी ध्यानात राहिलं असतं. याने तर दर वेळी चूक सुधारली होती, आणि सुधारलेल्या चुकांचा हिशेब कोण ठेवतो?

"माहीत नाही," तो म्हणाला. "सर, मी मुद्दाम नाही केलं."

"माहितीय मला."

"शपथ."

"शपथ कशाला? मुद्दाम करणारा एखाद्या कापाला तरी अडखळला असता. तू नाही अडखळलास."

फोन पुन्हा वाजला. डॉ. पागे. प्रद्योत नुसता बघत राहिला. फोन वाजून वाजून थांबला, आणि मग पडद्यावर एक ओळ उमटली: *पाठवलास ना?*

त्याने झटकन मान वर केली. बुडणारा माणूस धरतो तसं त्याच्या हाताला काहीतरी लागलं होतं.

"पण सर, हे खरंही असू शकतं!"

"असेल की."

"म्हणजे डावीकडे खरंच जास्त असतील. पहिल्या उंदरात दिसल्याच होत्या. मी पुन्हा काम केलं, तर तेच निघू शकतं."

"निघेलही."

"मग निष्कर्ष बरोबरच आहे!"

"असेल म्हटलं ना मी."

"मग अडलं कुठं?"

"तू बघितलेलं नाहीस," सर म्हणाले.

प्रद्योत उठला. खिडकीशी गेला, परत आला. कपाळावरचा घाम त्याने शर्टाच्या बाहीने पुसला. बाहेर रस्त्यावर एक माणूस सायकलला भोपळे लटकवून सावकाश चालला होता, सतारीचे भोपळे. त्या माणसाचा त्याला हेवा वाटला. त्याला आज काही ठरवायचं नव्हतं.

"हे कुणाला कळणार नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. सरांना म्हणाला की स्वतःला, देव जाणे. "कापांवर आता काहीच खूण नाही. कुणी तपासू म्हटलं तरी तपासू शकत नाही. फक्त तुम्हाला माहीत आहे आणि मला."

"माझं सोड," सर म्हणाले. "मी किती दिवस पुरणार आहे?"

"सर, तुम्ही सांगा ना. नको पाठवू म्हणा. तुम्ही म्हणालात तर मी नाही पाठवणार."

"मी नाही म्हणणार."

"का पण?"

"उद्या म्हणशील, सरांनी आडवलं."

त्या क्षणी प्रद्योतला त्या म्हाताऱ्याचा मनापासून तिरस्कार वाटला. हाताला धरून ओढलं असतं तरी चाललं असतं, दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण हा माणूस मांडीवर हात ठेवून बसलाय, आणि सगळं आपल्यावर सोडलंय. इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं.

तो लॅपटॉपपाशी बसला. तयार पत्र समोर होतं. बटण समोर होतं.

त्याने ते पत्र पुसलं.

नवं लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून तो थांबला.

"वाच," सर म्हणाले.

"कापांची डावी आणि उजवी बाजू ठरवण्याच्या पद्धतीत काही त्रुटी आढळून आली आहे. सबब लेखाची छपाई तूर्त..."

"आढळून आली? कुणाला?"

प्रद्योतने ओठ चावला. ते पुसलं. मग एका दमात लिहिलं, आणि या वेळी कुणी न सांगता वाचून दाखवलं.

"मी कापांवर बाजूची खूण केली नव्हती. जे काप माझ्या निष्कर्षाशी जुळत नव्हते ते उलटे पडले असं समजून मी फिरवले. किती फिरवले ते मला आठवत नाही. लेख छापू नये."

प्रद्योतने बटण दाबलं.

मग, अंगात धैर्य होतं तोवरच, त्याने डॉ. पागेंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"उद्या येऊन भेट," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळेचं... ते आता विसर."

"हो मॅडम."

फोन ठेवला, आणि मग मात्र त्याला राहवेना. तो टेबलावर डोकं टेकून रडला. लहान मुलासारखा, आवाज करून रडला. पाटी गेली, प्रयोगशाळा गेली. ज्या वाक्यासाठी तो इतकी वर्षं झिजला होता ते वाक्यही गेलं. उद्यापासून संस्थेच्या कँटीनमध्ये त्याच्या नावाने काय काय बोललं जाईल ते त्याला आजच ऐकू येत होतं.

सरांनी त्याला रडू दिलं. मग ते खाली गेले आणि स्वतःच्या हाताने चहा करून घेऊन आले.

या वेळी त्याने नको म्हटलं नाही.

चहा गोड होता, जरा जास्तच गोड. सर साखर अशीच घालायचे. ऊन भिंतीवरून सरकून कपाटावर गेलं होतं, आणि शेजारच्या दुकानाची फळी लावल्याचा आवाज आला. प्रद्योतचे डोळे सुजले होते, पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. इतके महिने आपण कसल्या ओझ्याखाली वावरत होतो हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं.

"मघाशी मी जे बोललो, सर..."

"काय बोललास?"

"बघवत नाही वगैरे."

"मला कमी ऐकू येतं आता," सर म्हणाले आणि कपबशा उचलल्या.

प्रद्योतने स्लाइडी डब्यात भरल्या. एका स्लाइडची काळी पट्टी तेवढी सरांनी मागितली नाही, त्यानेही काढली नाही, तशीच डब्यात गेली. बॅग खांद्याला लावली. वाकून पाया पडला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात थोडा वेळ तिथेच राहिला. हे आधी कधी झालं नव्हतं.

तरणं रक्त होतं. जिन्यापर्यंत पोचेपर्यंत त्याच्या चालीत जोर आला.

"सोमवारी नवे उंदीर येतायत, सर," तो म्हणाला. "दुसऱ्या कामासाठी मागवले होते, ते मी याला घेतो. पहिल्यापासून सगळं. या वेळी सुई टोचल्याशिवाय पातं लावणार नाही. फोटोत भोक दिसू दे नाहीतर काय वाटेल ते दिसू दे. लेबलं मी बघणारच नाही, दुसऱ्या कुणाला तरी झाकायला सांगतो."

"बरं," सर म्हणाले. ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायच्या बेतात होतं, आणि ते बघून प्रद्योतला एवढा आनंद झाला की त्याला काय करू नि काय नको असं झालं.

तो दोन पायऱ्या उतरला आणि मागे वळला. डोळे पहिल्यासारखे चमकत होते.

"आणि बघाच तुम्ही, सर. डावीकडेच जास्त निघणार!"

हसू आलं नाही.

सर त्याच्याकडे बघत राहिले.

"ठरलेलंच असेल, तर मग त्या उंदरांना," ते म्हणाले, "अजून थोडं जगू दे."